काही जिओकॅशर मल्टी-कॅश टाळतात, तर काहींना तीच का आवडते?

जिओकॅशिंग म्हणजे जीपीएसच्या मदतीने लपवलेल्या डब्या, म्हणजेच कॅश, शोधण्याचा खेळ, आणि मल्टी-कॅश म्हणजे एका टप्प्यावरून पुढच्याचा ठावठिकाणा काढत अखेरच्या डबीपर्यंत पोहोचायची कॅश. ती टाळली जाते ती मुख्यतः श्रमांच्या हिशेबामुळे, कारण सगळे टप्पे पार करून अखेरच्या डबीतील लॉगबुकात सही केली तरी खात्यावर एकच शोध जमा होतो आणि मधला एखादा टप्पा गहाळ झाला की पुढचे अक्षांश-रेखांश मिळतच नाहीत. एकाच जागेची साधी कॅश आणि मल्टी-कॅश असे दोन्ही प्रकार खेळत असल्याने सांगतो, की जागा समजून घेण्याची ओढ असणाऱ्यांना मात्र हीच रचना भावते : नागपुरातील झीरो माइलच्या दगडावर कोरलेले मैलांचे आकडे वाचून पुढचा टप्पा काढायचा असेल, तर एरवी गाडीवरून ओझरता दिसणारा तो दगड माणूस थांबून, अक्षर न् अक्षर लावून वाचतो, आणि माझ्या मते या खेळाचे खरे मोल तेच आहे. अर्थात मे महिन्याच्या उन्हात टप्पे दूरदूर असतील, तर हौशी माणूसही साध्या कॅशकडेच वळतो.