प्राचीन ग्रीकमध्ये छोट्या होडीला 'स्काफे' म्हणत. या शब्दाचा मूळ अर्थ काय आणि तो आला कुठून?

'स्काफे' म्हणजे खोदून पोकळ केलेली वस्तू. होडी हा तिचा एक उपयोग. मूळ क्रियापद 'स्काप्तो', म्हणजे खणणे. क्रियापदात प आणि नामात फ दिसतो, पण त्यामुळे गोंधळू नका. खणणाऱ्याला 'स्काफेउस' म्हणत, तिथेही फ आहेच. हा फ आपल्या 'फळ'मधला, ओठ मिटून सोडलेला. इंग्रजी एफसारखा उच्चार पुढच्या काळातला. 'का'सुद्धा मुळात ऱ्हस्व, त्यामुळे 'स्कफे' लिहिलं तरी चुकीचं नाही.

याच शब्दाने ग्रीक लोक काथवटीसारखं लाकडी भांडं, धुण्याचं पसरट भांडं आणि बाळाचा पाळणाही दाखवत. खोलगट वाटीसारख्या सूर्यघड्याळालाही स्काफेच म्हणत. ग्रीक चरित्रकार प्लुटार्कने रोम्युलस आणि रीमस या, रोमच्या दंतकथेतल्या तान्ह्या जुळ्यांना नदीकाठी नेल्याची कथा सांगितली आहे. त्यांना ठेवलं होतं स्काफेमध्ये, आणि पूर आला तेव्हा तीच तरंगत गेली. तिथे भांडं संपून होडी कुठे सुरू होते हे सांगता येत नाही, आणि शब्दाचा खरा स्वभाव मला तिथेच दिसतो.

मराठीत हीच जोडी आहे. 'डोण' म्हणजे गुरांना पाणी पाजायचं कोरलेलं पात्र आणि 'डोणी' म्हणजे छोटी होडी. संस्कृत 'द्रोणी' मात्र 'द्रु' म्हणजे लाकूड यावरून आला. ग्रीकांनी नाव कामावरून दिलं, आपण मालावरून.

पुढे स्काफे म्हणजे बहुतेक वेळा मोठ्या जहाजासोबतची लहान होडी. तिचं काम बायबलमधल्या 'प्रेषितांची कृत्ये'च्या 27व्या अध्यायात नीट कळतं. ख्रिस्ती प्रेषित पौलाच्या जहाजावर 276 माणसं होती आणि स्काफे मागे दोरीने ओढली जात होती. वादळात अशी होडी पाण्याने भरते, दोराला हिसके देते, जहाजावर आदळते. म्हणून क्रीटजवळच्या एका छोट्या बेटाच्या आडोशाला खलाशांनी ती मोठ्या कष्टाने वर ओढून घेतली. पुढे माल्टाजवळ, नाळेकडून, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाकडून, नांगर टाकतो असं भासवून काही खलाशांनी तीच पाण्यात सोडली. ते पळून जाणार हे पौलाने ओळखलं, आणि त्याच्या इशाऱ्यावरून सैनिकांनी दोर कापून ती जाऊ दिली. लॅटिनने हा शब्द 'स्काफा' म्हणून उचलला, इ.स.पू. 55 मध्ये ब्रिटनच्या किनाऱ्यावर उतरताना सीझरने लढाऊ जहाजांच्या स्काफा सैनिकांनी भरून मदतीला धाडल्या होत्या.

म्हणून भाषांतरात सरसकट 'एका ओंडक्याची होडी' लिहू नका. त्या होडीला ग्रीकमध्ये स्वतंत्र शब्द आहे: 'मोनोक्सुलॉन', मोनोस म्हणजे एक आणि क्सुलॉन म्हणजे लाकूड. 'प्लोइआरिऑन' हा तिसरा शब्द. तो 'प्लोइऑन'चं, म्हणजे जहाजाचं, लघुरूप आहे. तो फक्त आकार सांगतो, बनावट नाही.

दोन चुका वारंवार दिसतात. इंग्रजी 'स्किफ' यातून आला असं लिहिलेलं आढळतं. तो फ्रेंच आणि इटालियनमार्गे जर्मानिक भाषांतून आला आहे. दुसरी चूक जुनी आणि मोठ्या माणसाची. 'अंजिराला अंजीर आणि स्काफेला स्काफे म्हणणे', म्हणजे आडपडदा न ठेवता बोलणे, अशी ग्रीक म्हण होती. 16व्या शतकात डच विद्वान इरास्मसने लॅटिनमध्ये स्काफेच्या जागी खणण्याचं अवजार घातलं. त्याच धातूचा 'स्काफेइऑन' हा शब्द खरोखरच खणण्याच्या अवजाराचा, त्यामुळे घसरण सोपी होती. इंग्रज भाषांतरकार निकोलस युडॉलने 1542 मध्ये ते इंग्रजीत नेलं आणि काथवटीचं फावडं झालं: 'कॉल अ स्पेड अ स्पेड'.

आपल्यासाठी एक धागा आणखी जवळचा आहे. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक सागरी मार्गदर्शिकेत भारताच्या पूर्व किनाऱ्यावर मोठे मोनोक्सुला (मोनोक्सुलॉनचं अनेकवचन) एकमेकांना जोडून केलेली जहाजं येतात. लेखक त्यांचं स्थानिक नाव देतो, 'सांगारा'. मराठीत दोन होड्या एकत्र बांधल्या की तिला आजही 'सांगड' म्हणतात.