‘अप्रूव्ह्ड’ दिसतंय, मग बोलावणं का येत नाही?

मुलुंडमध्ये शाळेत शिकवणाऱ्या एक बाई, वय पन्नास. सप्टेंबर २०२५ मध्ये, गणपती उठल्यावर, प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये तीन कागद घेऊन आमच्याकडे आल्या. (ओळख पटेल असे तपशील इथे बदलले आहेत.) भाऊ न्यू जर्सीत, अमेरिकेचा नागरिक. त्याने २००९ मध्ये बहिणीसाठी ग्रीन कार्डचं पिटिशन, म्हणजे फॉर्म आय-१३०, भरलं. २०१२ मध्ये ते मंजूर झालं आणि त्यानंतर तेरा वर्षं सगळं गप्प. रोज रात्री ओटा आवरून झाला की बाई मोबाइलवर स्टेटस बघतात. रोज तेच एक वाक्य: ‘केस वॉज अप्रूव्ह्ड’.

“मंजूर झालंय तर बोलावत का नाहीत? फाइल गहाळ झाली का? माझे दीर म्हणतात, वर्षभर संपर्क केला नाही तर केस बंद करतात. आम्ही तर तेरा वर्षं कोणाला एक पत्र टाकलेलं नाही.” सोबत एका एजंटचा व्हॉट्सअ‍ॅप मेसेज होता: चाळीस हजारांत फाइल पुढे सरकवून देतो.

हा प्रश्न एकट्या त्यांचा नाही. भावाबहिणींच्या पिटिशनवाल्या जवळजवळ प्रत्येक घरात तो असतो, आणि गोंधळाचं मूळही बहुतेक वेळा एकच असतं. स्टेटसच्या पानावर फाइल कुठे आहे ते कळतं. नंबर कधी लागणार ते तिथे कधीच लिहिलेलं नसतं. ते वेगळ्या ठिकाणी बघायचं असतं आणि त्यासाठी लागणारी तारीखही वेगळी असते.

आधी ते तीन कागद. पहिला होता पावतीचा, आय-७९७. त्यावर तेरा खुणांचा रिसीट नंबर असतो: तीन अक्षरं आणि दहा आकडे. बाईंचा ‘ईएसी ०९ १०८’ असा सुरू होत होता. ईएसी म्हणजे व्हरमाँट सर्व्हिस सेंटर. ०९ म्हणजे २००९ हे सरकारी वर्ष, जे तिकडे १ ऑक्टोबर २००८ ला सुरू झालं. १०८ म्हणजे त्या वर्षातला कामकाजाचा एकशेआठवा दिवस. शनिवार, रविवार आणि सुट्ट्या वगळून मोजलं तर मार्चचा दुसरा आठवडा येतो. उरलेले पाच आकडे त्या केसचे स्वतःचे. साइटवर हा नंबर मधल्या आडव्या रेघा न देता सलग टाकायचा. बाईंचा नंबर पहिली दोन वर्षं ‘चुकीचा’ दाखवत होता तो या रेघांमुळेच. अलीकडच्या केसेस ‘आयओई’ने सुरू होतात. तिथे मधला ओ अक्षर आहे, पण लोक शून्य टाकतात आणि मग फाइल हरवली म्हणून घाबरतात.

त्याच कागदावर तीन तारखा असतात आणि गडबड तिथेच होते. नोटिस डेट म्हणजे पत्र छापल्याची तारीख, रिसीट डेट म्हणजे अर्ज हाती आल्याची. तिसरी प्रायॉरिटी डेट, म्हणजे रांगेतली तुमची जागा ठरवणारी तारीख, आणि आयुष्य अडलेलं असतं ते तिच्यावर. बाईंनी तेरा वर्षं डायरीत दुसऱ्या कागदावरची, म्हणजे मंजुरीच्या पत्रावरची नोटिस डेट जपून ठेवली होती: १५ जून २०१२. खरी तारीख ९ मार्च २००९. म्हणजे रांगेत त्या स्वतःला सव्वातीन वर्षं मागे समजत होत्या.

तिसरा कागद त्यांना मंजुरीच्या पत्राची झेरॉक्स वाटत होता, म्हणून चार घड्या घालून खाली ठेवलेला. ते नॅशनल व्हिसा सेंटरचं, म्हणजे एनव्हीसीचं पत्र निघालं. पिटिशन मंजूर करून यूएससीआयएसचं, म्हणजे अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याचं काम संपतं आणि फाइल न्यू हॅम्पशरमधल्या पोर्ट्समथला एनव्हीसीकडे जाते. हे खातं वेगळं, अमेरिकेच्या परराष्ट्र मंत्रालयाचं, आणि त्यांचा नंबरही वेगळा: ‘बीएमबी’ आणि पुढे दहा आकडे. बीएमबी म्हणजे बॉम्बे. शहराचं नाव १९९५ मध्ये बदललं, त्यांच्या कोडमध्ये मात्र अजून बॉम्बेच आहे. आपल्याकडे लोकलमध्ये अर्धा डबा अजून व्हीटीच म्हणतो, तेव्हा तक्रार कशाला करा.

तर बाई तेरा वर्षं ज्या खिडकीत डोकावत होत्या तिथलं काम २०१२ मध्येच उरकलं होतं. तिथे ‘अप्रूव्ह्ड’च्या पुढे काही येणारच नव्हतं. आता बघायचं ते परराष्ट्र खात्याच्या सीईएसी या साइटवर. तिथे वरच्या यादीत ‘इमिग्रंट व्हिसा’ निवडायचं. ‘नॉनइमिग्रंट’ हे टुरिस्ट आणि स्टुडंटवाल्यांसाठी, ते निवडलं की पासपोर्ट नंबर मागतात आणि केस सापडत नाही. बीएमबी नंबर टाकला, चित्रातली अक्षरं भरली, आणि स्क्रीनवर आलं: ‘अ‍ॅट एनव्हीसी’. फाइल आहे, जागेवर आहे. बाई बराच वेळ त्या दोन शब्दांकडे बघत राहिल्या.

साइटचा पत्ता ‘डॉट जीओव्ही’ने संपतो का, हे मात्र दर वेळी बघा. हुबेहूब दिसणारी पानं आहेत. स्टेटस बघायला सरकार एक पैसाही घेत नाही. पैसे मागितले की पान बंद करायचं.

आता नंबर कधी लागणार. अमेरिकी नागरिकांच्या भावाबहिणींच्या गटाला एफ-४ म्हणतात. त्याला साऱ्या जगासाठी वर्षाला ६५,००० व्हिसा आहेत, आणि त्यात त्या भावंडांचे नवरा-बायको आणि मुलंही मोजली जातात. शिवाय कोणत्याही एका देशाला साधारण सात टक्क्यांची मर्यादा. म्हणून भारताची रांग वेगळी आणि लांब. तुमचं पिटिशन म्हणजे कोकणकन्येचं वेटिंग तिकीट: तिकीट खरं आहे, पण बर्थ नाही.

ही रांग कुठवर आली ते परराष्ट्र खात्याच्या व्हिसा बुलेटिनमध्ये छापतात. पुढच्या महिन्याचं बुलेटिन साधारण चालू महिन्याच्या मध्याला येतं. त्यात ‘फॅमिली स्पॉन्सर्ड’ तक्ता काढायचा, एफ-४ची ओळ धरायची आणि ‘इंडिया’च्या रकान्यापर्यंत जायचं. पहिला रकाना बाकीच्या देशांचा असतो आणि बऱ्याचदा पुढे असतो. तोच वाचून पेढे वाटलेली घरं आहेत. तारीख अशी लिहितात: दिवस, महिन्याची तीन अक्षरं, सालाचे शेवटचे दोन आकडे. तक्ते दोन असतात. ‘फायनल अ‍ॅक्शन डेट्स’ म्हणजे व्हिसा खरोखर देता येईल अशी तारीख. ‘डेट्स फॉर फायलिंग’ म्हणजे एनव्हीसी फी आणि कागद मागायला सुरुवात करू शकतं अशी. तुमची प्रायॉरिटी डेट छापलेल्या तारखेच्या आधीची हवी. त्याच दिवसाची असली तरी नंबर लागला नाही असंच समजायचं.

२०२५ मध्ये भारताच्या एफ-४ रकान्यात २००६ सालच चालू होतं. बाईंची तारीख मार्च २००९. “म्हणजे अडीच-तीन वर्षं?” त्यांनी लगेच विचारलं. तसं नाही. बुलेटिनमधला एक महिना सरकायला कधी एक महिना लागतो, कधी पाच. कधी तारीख महिनोन्महिने जागची हलत नाही, कधी चक्क मागे जाते. सरासरी काढून साल सांगणाऱ्यावर आमचा विश्वास नाही, आणि ते साल धरून व्हीआरएस घेणं किंवा घर विकायला काढणं तर मुळीच नको.

एजंटच्या मेसेजचं उत्तरही इथेच आहे. संख्येची मर्यादा असलेल्या रांगेत तारीख लागण्याआधी कोणालाच पुढे नेता येत नाही, वकिलाला नाही, खासदाराच्या पत्रालाही नाही. तातडीची विनंती एनव्हीसी बघतं ती तारीख लागलेल्या केसमध्ये. चाळीस हजार वाचले.

दिरांचं म्हणणं अर्धं खरं होतं. केस बंद करण्याचा एक वर्षाचा नियम आहे, पण ते वर्ष सुरू होतं नंबर लागल्याची सूचना पाठवल्यानंतर. सूचना आली आणि वर्षभर तुम्ही काहीच केलं नाही, तर नोंदणी रद्द होते. आपल्या हाताबाहेरच्या कारणाने राहिलं असं दोन वर्षांच्या आत दाखवता आलं, तरच ती परत जिवंत होते. रांगेत गप्प उभं राहिल्याबद्दल शिक्षा नाही.

खरा धोका वेगळाच आहे: सूचना जाते कुठे? भावाने २००९ नंतर दोन घरं बदलली होती. पिटिशन वकिलामार्फत भरलेलं, तो वकील कधीच निवृत्त झाला. ईमेल म्हणून बाईंच्या यजमानांच्या जुन्या कंपनीचा पत्ता. उद्या नंबर लागला असता तर तिन्ही पत्रं रिकाम्या जागी पोचली असती आणि वर्ष सुरू झालं असतं. भावाला त्याच रात्री फोन लावायला सांगितला. एनव्हीसीच्या साइटवर ‘पब्लिक इन्क्वायरी फॉर्म’ आहे. त्यात बीएमबी नंबर, भावाचं आणि बहिणीचं नाव आणि जन्मतारीख द्यायची, पिटिशनवर होतं अगदी त्याच स्पेलिंगमध्ये, आणि नवे पत्ते, दोघांचे चालू ईमेल कळवायचे. वकील आता नाही हेही लिहायचं. उत्तर आलं की त्याची प्रिंट फोल्डरमध्ये. दर वर्षी एकदा, लक्षात राहावं म्हणून भाऊबीजेला, पत्ता-ईमेल तेच आहेत ना, एवढं तपासायचं.

नावाची गोष्ट इथे जरा जास्त सांगायला हवी, कारण ती खास आपल्याकडची आहे. बाईंचं लग्नात आडनावच नव्हे, पाळण्यातलं नावही बदललं. पिटिशनमध्ये सासरचं नाव, गावच्या ग्रामपंचायतीतल्या जन्मनोंदीत नावच नाही, नुसतं ‘स्त्री’ आणि वडिलांचं नाव, शाळेच्या दाखल्यात माहेरचं. ही बहीण त्याच भावाची, हे कागदावरून दिसलं पाहिजे. जन्मनोंदीत नाव चढवून मिळतं का ते ग्रामपंचायतीत विचारायचं, नाही मिळालं तर शाळा सोडल्याचा दाखला हाताशी ठेवायचा. १९९९ चं लग्न कार्यालयात झालं, नोंदणी राहूनच गेली. ती महापालिकेच्या टी वॉर्डात करून घ्यायची, म्हणजे दोन्ही नावांना जोडणारा कागद तयार होतो. ही कामं रांगेत उभं असताना करायची. पोलिसांचं पीसीसी (गुन्हा नसल्याचा दाखला) आणि मेडिकल मात्र आत्ता अजिबात काढू नका, त्यांना मुदत असते.

आणि मग मुलांचा विषय निघाला. तो बाईंनी शेवटपर्यंत मागे ठेवला होता. मुलगा ऑगस्ट २००१ चा, मुलगी फेब्रुवारी २०१० ची. मुलगी पिटिशननंतर जन्मली त्याने काही बिघडत नाही, आईच्या केसमध्ये ती येते. मुलं एकवीसच्या आतली आणि अविवाहित हवीत, पण वय मोजताना पिटिशन मंजुरीला लागलेले दिवस वजा होतात. ९ मार्च २००९ ते १५ जून २०१२, म्हणजे ११९४ दिवस, साधारण सव्वातीन वर्षं. मुलाला एकवीस पूर्ण झाली ऑगस्ट २०२२ मध्ये. त्यात ११९४ दिवस मिळवले की २६ नोव्हेंबर २०२५ च्या आसपासची तारीख येते. तोवर व्हिसा उपलब्ध व्हायला हवा होता आणि बुलेटिन तर २००६ मध्ये. मुलीला हाच हिशेब मे २०३४ पर्यंत नेतो. आणि नंबर लागला की तिच्यासाठी एक वर्षाच्या आत हालचाल करायची, नाहीतर वजावट हातची जाते.

कागदावर मांडलेली बेरीज बाईंनी दोनदा करून पाहिली. गणिताच्याच शिक्षिका. “त्याला सांगायला हवं,” एवढंच म्हणाल्या. सांगायलाच हवं, आणि लवकर. मुलगा दोन वर्षं चांगल्या नोकऱ्या ‘आता काय, जायचंच आहे’ म्हणून सोडत होता. पुढे आईवडिलांना ग्रीन कार्ड मिळालं तर ते अविवाहित मुलासाठी वेगळं पिटिशन भरू शकतात, पण ती नवी रांग, नव्या तारखेची.

मग फोल्डर आवरता आवरता त्यांनी विचारलं, मे महिन्यात भाच्याचं लग्न आहे, टुरिस्ट व्हिसा काढायचाय, फॉर्ममध्ये या केसचं लिहू नका असं कोणीतरी सांगितलंय, ते बरोबर का?

टुरिस्ट व्हिसाच्या फॉर्ममध्ये, म्हणजे डीएस-१६० मध्ये, सरळ विचारलेलं असतं: तुमच्यासाठी कोणी इमिग्रंट पिटिशन भरलंय का. त्यांच्याकडे बीएमबी नंबरची फाइल आहे. तिथे ‘नाही’ लिहिणं म्हणजे खोटी माहिती देणं, आणि ते पुढे ग्रीन कार्डच्याच आड येऊ शकतं. ‘हो’ निवडायचं आणि खाली एका ओळीत लिहायचं: भावाने, २००९ मध्ये, एफ-४. बीकेसीतल्या अमेरिकी वकिलातीत मुलाखतीत विचारलंच तर शाळेची नोकरी, मुलीची दहावी, परतीची तारीख, जे आहे ते सांगायचं. व्हिसा मिळेलच असं नाही. पण नाकारला गेला तरी रांगेतली जागा जात नाही.