मयताचा दाखला: कशाला लागतो आणि कशाला पुरत नाही

"वडील सहा महिन्यांपूर्वी छत्रपती संभाजीनगरच्या एका खासगी दवाखान्यात वारले. अंत्यविधी गावी, परभणी जिल्ह्यात केला. आता ग्रामसेवक म्हणायलेत की मृत्यूची नोंद इथं होत नाही. आणि शेत आमच्याच ताब्यात असताना हा दाखला काढायचाच कशाला?" असं तुम्ही विचारलंय. तालुक्याच्या गावी माझं सेवा केंद्र आहे. हा प्रश्न माझ्या टेबलावर रोज येतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ग्रामसेवकांवर चिडू नका, त्यांचं बरोबर आहे. माणूस जिथं मरतो तिथंच त्याची नोंद होते. तो राहायला कुठं होता आणि माती कुठं झाली, याचा त्यात संबंध नाही. 1969 चा जन्म-मृत्यू नोंदणी कायदा केंद्राचा आहे, त्यामुळे हा नियम सगळ्या देशात सारखाच. घरी मृत्यू झाला तर कळवायची जबाबदारी घरच्या कर्त्याची, दवाखान्यात झाला तर दवाखान्याची. गाडीत, वाटेतच जीव गेला तर गाडी जिथं पहिल्यांदा थांबेल तिथं. तेव्हा तुमच्या वडिलांची नोंद संभाजीनगर महापालिकेच्या जन्म-मृत्यू विभागात बहुधा आधीच झालेली असणार. तुम्हाला नोंद करायची नाही, फक्त प्रत काढायची आहे. दवाखान्यानं दिलेला कागद घेऊन जा, त्यावरच्या तारखेनं शोध लागतो. मात्र तो दवाखान्याचा कागद म्हणजे दाखला नव्हे. कितीतरी लोक तोच लॅमिनेट करून ठेवतात आणि बँकेत गेल्यावर परत पाठवले जातात.

दवाखान्यानं कळवलंच नसेल तर मात्र थोडी धावपळ आहे. 21 दिवसांच्या आत कळवलं तर दाखला मोफत मिळतो. 30 दिवसांपर्यंत किरकोळ विलंब शुल्क लागतं. 30 दिवसांच्या पुढं वर्षाच्या आत असेल तर वरच्या अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते. वर्ष उलटलं की आधी न्यायदंडाधिकाऱ्यांकडं जावं लागायचं. 1 ऑक्टोबर 2023 पासून कायदा बदलला आणि तो अधिकार जिल्हाधिकारी, उपविभागीय अधिकारी किंवा त्यांनी नेमलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडं आला. तुमचे सहाच महिने झालेत, वर्षाची ओळ ओलांडू देऊ नका.

आता मूळ प्रश्न, कशाला काढायचा? सरकारी दाखल्याचा नमुना नीट वाचून बघा, सहा क्रमांकाचा. नाव, लिंग, मृत्यूचा दिनांक, ठिकाण, आईचं नाव, वडिलांचं किंवा पतीचं नाव, मरतेवेळचा पत्ता, कायमचा पत्ता, नोंदणी क्रमांक. एवढंच. अमुक माणूस, अमुक दिवशी, अमुक ठिकाणी गेला, इतकंच तो कागद सांगतो. कशानं गेला हे त्यात नसतं, आणि मागं कोण राहिलं हेही नसतं. निम्म्या चकरा या दोन गैरसमजांमुळं होतात.

मृत्यूचं कारण न लिहिणं ही कारकुनाची चूक नाही. डॉक्टर कारणाचं वेगळं प्रमाणपत्र देतात, ते जन्म-मृत्यूची नोंद ठेवणाऱ्या निबंधकाकडं जातं आणि सरकार त्यावरून कोणत्या आजारानं किती माणसं जातायत याचा हिशेब ठेवतं. पण नातेवाइकांना मिळणाऱ्या उताऱ्यात, म्हणजे दाखल्यात, कारण उघड करायचं नाही, असं कायद्याच्या कलम 17 मध्येच आहे. एचआयव्ही असो की आत्महत्या, बँकेच्या कारकुनाला ते कळायचं कारण नाही, आणि मला हे शहाणपणाचं वाटतं. कोविडमध्ये याचा त्रास झाला खरा. 50 हजारांच्या मदतीसाठी लोक दाखला घेऊन आले, त्यावर कोविड शब्दच नाही. मग तपासणीचे रिपोर्ट, डॉक्टरचं प्रमाणपत्र, जिल्ह्याची समिती, असा फेरा पडला. आता दुरुस्त कायद्यानुसार डॉक्टरनं कारणाच्या प्रमाणपत्राची एक प्रत जवळच्या नातेवाइकाला मोफत द्यायची आहे. मागून घ्या, आपणहून क्वचितच मिळते.

अपघाती मृत्यूत हे फार महागात पडतं. बीडकडचं एक प्रकरण माझ्याकडं आलं होतं. नवरा-बायको ऊसतोडीला कर्नाटकात गेलेले. फडातच नवऱ्याला साप चावला, तासाभरात गेला. मुकादमानं टेम्पो केला, रातोरात मयत गावी आणलं, सकाळी माती. ना पोलिसांत खबर, ना पंचनामा, ना शवविच्छेदन. घरच्यांनी गावातच घरी वारल्याचं सांगून नोंद केली. दाखला हातात आला, पण त्यावर ठिकाण गावचं. नवऱ्याच्या नावावर दीड एकर होतं, म्हणजे गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत 2 लाख मिळायला हवे होते, सर्पदंश त्यात बसतो. तालुका कृषी कार्यालयात विचारलं, साप चावला याचा पुरावा काय? दाखल्यानं मृत्यू सिद्ध झाला, अपघात सिद्ध झाला नाही. ती बाई दाखल्याचा कागद पुन्हा पुन्हा पुढं सरकवत होती. चुकीच्या ठिकाणाची नोंद हा वर आणखी एक घोळ. वीज पडणं, विहिरीत पडणं, विजेचा धक्का, रस्ता, सगळ्यात हेच आहे. दुःखात हे सुचत नाही हे कबूल, पण भावकीतल्या एखाद्यानं तरी डोकं ठिकाणावर ठेवून पोलिसांत खबर द्यायला लावावी.

दुसरा गैरसमज वारसाचा. तुम्ही म्हणता शेत ताब्यात आहे. आहे, पण सातबारावर वडीलच आहेत ना? पीक कर्ज नवं-जुनं करायचं तर बँक खातेदार मागते. फार्मर आयडी, म्हणजे शेतकऱ्याचा सरकारी ओळख क्रमांक, मयताच्या नावानं निघत नाही, आणि तो नसेल तर अतिवृष्टीचं अनुदान आणि पीक विमा अडकतो. ओला दुष्काळ आपल्याकडं काही नवा राहिलेला नाही, त्यामुळं हा पैसा दरवर्षीचा समजा. दाखला मिळाला की तलाठ्याकडं किंवा महसूल खात्याच्या ऑनलाइन ई-हक्क प्रणालीवर वारस नोंदीचा अर्ज करा. मुदत तीन महिन्यांची आहे, तुमची उलटलीच, तरी नोंद होते. आधी 6क च्या वारस नोंदवहीत चढतं, मग फेरफार, नोटिसा, आणि मंडळ अधिकारी फेर मंजूर करतात. 2025 मध्ये सरकारनं 'जिवंत सातबारा' म्हणून राज्यभर मोहीम काढली ती याचसाठी, कारण गावोगाव आज्या-पणज्याच्या नावावर जमिनी पडून होत्या.

अर्जात आई आणि बहिणी, सगळ्यांची नावं लिहा. दाखल्यावर वारस नसतात म्हणून लोक शपथपत्रात सोयीनं फक्त भावांची नावं टाकतात. ते खोटं शपथपत्र होतं, आणि दहा वर्षांनी भाचा वकील घेऊन आला की सगळं उलटतं. बहिणींना हक्क सोडायचाच असेल तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र आहे. त्याआधी त्यांना मनापासून सोडायचंय का हे एकदा विचारा, नुसती साडी-चोळी करून सही घेऊ नका.

बँकेत काम त्या मानानं सोपं. नॉमिनी असेल तर दाखला, नॉमिनीचं ओळखपत्र आणि बँकेचा अर्ज. नॉमिनी पैसे घेतो तो इतर वारसांच्या वतीनं, मालक होत नाही, हे घरात आधीच बोलून ठेवा. नॉमिनी नसेल आणि रक्कम मोठी असेल तर दिवाणी न्यायालयाचं वारसाचं प्रमाणपत्र मागू शकतात. वडिलांचं एटीएम वापरून पैसे काढत बसू नका, तपासात ते सापडतं. पीएम किसानचे हप्ते त्यांच्या खात्यात येतच असतील तर तेही कळवा, नंतर वसुली लागते.

आणि एक करा, वडिलांचं पासबुक छापून आणा. मे अखेर किंवा जूनच्या सुमारास 436 रुपये कापलेले दिसतात का बघा. दिसले तर प्रधानमंत्री जीवनज्योती विमा आहे, 2 लाखांचा, कुठल्याही कारणानं मृत्यू झाला तरी, पण वय 55 च्या आत असेल तरच. 20 रुपये कापले असतील तर सुरक्षा विमा, तो फक्त अपघाताचा, 70 वर्षांपर्यंत. जनधन खातं उघडताना कुणीतरी अंगठा घेतलेला असतो आणि घरात कुणाला पत्ताही नसतो.

याशिवाय रेशन कार्डातून नाव कमी करणं, मतदार यादी, पेन्शन बंद करणं किंवा कुटुंब पेन्शन सुरू करणं, वीज जोडणी, गाडी, भविष्यनिर्वाह निधी, विधवेचा पुनर्विवाह, सगळीकडं हाच कागद पहिला. आणि घरातली कामं संपली तरी फेकू नका. 2023 मध्ये न्या. शिंदे समितीनं मराठवाड्यात कुणबी नोंदी शोधायला घेतल्या, तेव्हा महसुली दप्तराबरोबर जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवह्याही चाळल्या गेल्या. मयताची नोंद नातवाच्या जात पडताळणीला कामी येते ती अशी.

दाखला हातात आला की काउंटरवरच नाव वाचा. आपल्याकडं आधारवर 'ज्ञानोबा', सातबारावर 'ज्ञानदेव' आणि दवाखान्यात भरती करताना पुतण्यानं सांगितलेलं 'ज्ञानेश्वर', असं सर्रास असतं. किरकोळ लेखनचूक निबंधक आपल्या अधिकारात दुरुस्त करतात. मोठी चूक असेल तर माहितगार, विश्वासू अशा दोन व्यक्तींचं निवेदन आणि पुरावे लागतात. एकाच माणसाची दोन नावं असल्याचं शपथपत्र काही ठिकाणी चालतं, काही ठिकाणी नाही, त्यामुळं मुळात दाखलाच दुरुस्त करून घ्या. आता दाखल्यावर क्यूआर कोड असतो, तरी दोन-चार जादा प्रती काढून ठेवा आणि मूळ प्रत कुणाच्या फायलीत लावायला देऊ नका, दाखवून परत घ्या.

तुमच्या आईंचं तुम्ही काही लिहिलं नाही. घर दारिद्र्यरेषेखाली असेल आणि वडील 18 ते 59 वयाचे असतील तर राष्ट्रीय कुटुंब अर्थसहाय्य योजनेत एकरकमी 20 हजार मिळतात, अर्ज तहसीलला. संजय गांधी निराधारमध्ये महिना 1500, पण वार्षिक उत्पन्नाची अट 21 हजारांची आहे. वडिलांचं वय आणि शेत किती ते कळवा, म्हणजे यातलं काय बसतं ते सांगतो.