चार तास दहा मिनिटांबद्दल

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझा परवा रात्रीचा मेसेज सकाळी वाचला. "मॅडम, दहाला बसले ती सहाला उठले, आणि अ‍ॅप म्हणतंय काम चार तास दहा मिनिटं. मी आळशी आहे का?" फोनवर दोन मिनिटांत उरकलं असतं, पण तसं उरकायचं नव्हतं, म्हणून लिहायला बसले.

तू आळशी नाहीस. दोन वर्षं माझ्या शेजारच्या टेबलावर काम केलंस, मला ठाऊक आहे. आठ तासांच्या बैठकीत निव्वळ एन्ट्री आणि जुळवणी चार तासांची झाली, तर आपल्या जीएसटी-हिशेबाच्या कामात तो चांगला दिवस. मला काळजी वाटली ती तुझ्या पुढच्या ओळीची: "उद्यापासून चहाच्या वेळीही टायमर चालू ठेवते, म्हणजे आकडा बरा दिसेल." हे करू नकोस. रोजमेळ जुळत नाही म्हणून कुणी शिलकेत मनाचा आकडा घातला, तर तू त्याला काय म्हणशील?

माझे वडील गिरणीत होते. भोंगा झाला की आख्ख्या पेठेला वेळ कळायची. आई भोंग्यावर भाकरी टाकायची. पण भोंगा फक्त माणूस आत कधी गेला आणि बाहेर कधी आला तेवढंच सांगायचा. मागावर कापड किती उतरलं ते वेगळं मोजलं जायचं. तू दहा ते सहा म्हणतेस तो भोंगा झाला. अ‍ॅपमधले चार तास दहा मिनिटं हे कापड. दोन्ही खरे आहेत. आणि मधला जो तीन तास पन्नास मिनिटांचा फरक आहे, मला विचारशील तर सगळ्यात कामाची माहिती तिथेच आहे.

माझ्या बाबतीत काय झालं ते सांगते. एमआयडीसीतल्या एका टॉवेलच्या कारखान्याचं काम घेतलं, तेव्हा महिन्याला पाच तास लागतील असं मनाशी धरून फी सांगितली. दोन वर्षं ती पार्टी मला जड जात होती आणि का ते कळत नव्हतं. चिडचिड व्हायची ती घरात निघायची. शेवटी तीन महिने मोबाइलवर वेळ टिपली. महिन्याला तेरा तास निघाले. आकडा बघून धक्का बसला, पण उलगडा झाला तो आकडा फोडल्यावर. एन्ट्री चार तास, २बीशी (म्हणजे विक्रेत्यांनी भरलेल्या बिलांची जीएसटी पोर्टलवर येणारी यादी) जुळवणी तीन, आणि उरलेले सहा तास नुसते बिलं मिळवण्यात. सुताची बिलं व्हॉट्सअ‍ॅपवर फोटोतून यायची. एका फोटोत तर बिल धरणाऱ्याचा अंगठा नेमका जीएसटी नंबरावर. मग फोन करायचा, मालक जेवायला गेलेले असायचे, तासाभराने पुन्हा फोन. एकेक फोन दोन-तीन मिनिटांचा, म्हणून मी त्याला कधी काम धरलंच नव्हतं.

तो हिशेब एका कागदावर लिहून मी मालकांकडे गेले. फीचा विषय काढला नाही. दर शनिवारी बिलांची फाइल माझ्या ऑफिसात पोचती करा, एवढंच म्हटलं. त्यांनी कागद दोनदा वाचला आणि मुनिमांना हाक मारली. पुढच्या तिमाहीत तेराचे आठ झाले. फीचं बोलणं नंतर त्यांनीच काढलं.

म्हणून तुझ्या यादीतली नावं बदल. तुझ्याकडच्या टॉवेलच्या पार्टीच्या सगळ्या कामाला तू एकच नाव दिलंयस, "टॉवेलवाले". त्यावर सहा तास दिसले तरी त्यातून काय कळणार? एका पार्टीची चार कामं कर: खरेदी एन्ट्री, बिलं मागणे, २बी जुळवणी, रिटर्न भरणे. चारच पुरेत. मी एकदा अकरा प्रकार केले होते, तेव्हा कुठलं बटण दाबावं या विचारातच वेळ जायला लागला. आणि "मधले फोन" असं एक वेगळं काम ठेव. दुसऱ्या पार्टीचा फोन आला की चालू टायमर थांबवून तो लाव. २००९ साली सोफी लेरॉय या संशोधिकेने मांडलं होतं की काम अर्धवट सोडून दुसरं घेतलं की मनाचा काही भाग मागच्या कामातच अडकून राहतो. जुळवणी मधेच सोडून परत आल्यावर तू पुन्हा पहिल्या बिलापासून बघतेस, ते हेच. असे फोन दिवसात किती येतात ते दिसलं, की जुळवणीचा एक तास फोन बाजूला ठेवायची हिंमत आपोआप येते.

टायमर कुठला, हेही विचारलं होतंस. टिकटिक (TickTick) या अ‍ॅपमध्ये पोमोडोरो आणि स्टॉपवॉच दोन्ही आहेत. पोमोडोरो म्हणजे २५ मिनिटं काम आणि पाच मिनिटं विश्रांती. फ्रान्सिस्को चिरिलो या इटालियन माणसाने विद्यार्थी असताना, १९८०च्या दशकात, टोमॅटोच्या आकाराचा स्वयंपाकघरातला टायमर घेऊन ती पद्धत बसवली. अभ्यासाला चांगली आहे. पण आपल्या कामात साडेचारशे रुपयांचा फरक सापडायच्या बेतात असतो आणि तेवढ्यात घंटा वाजते. तू स्टॉपवॉचच वापर.

कुठलंही अ‍ॅप घेतलंस तरी आधी तपासून घे. टायमर लाव, अ‍ॅप पडद्यावरून सरकवून बंद कर, फोन लॉक कर आणि दहा मिनिटांनी बघ. बॅटरी वाचवायला फोन मागे चालणारी अ‍ॅप थांबवतो. ज्या अ‍ॅपने सुरुवातीची वेळ लिहून ठेवलेली असते ते हिशेब बरोबर दाखवतं, जे मागे बसून सेकंद मोजत राहतं ते मधेच अडकतं. तुझी काही मिनिटं अशीही गेली असतील. आणि नोंदी एक्सेलमध्ये काढता येतात का तेही पाहा, नाहीतर फोन बदलला की वर्षाचा हिशेब गेला.

टायमर बंद करायला विसरलीस तर? विसरशीलच. त्या नोंदीपुढे "विसरले" असं लिही आणि ती बेरजेतून वगळ. अंदाजाने दुरुस्त करत बसू नकोस.

आता एक गोष्ट माझ्यासाठी कर. टायमर लावण्याआधी कामाच्या नावापुढे तुझा अंदाज लिही, "दीड तास" किंवा जे वाटेल ते. रॉजर ब्यूलर, डेल ग्रिफिन आणि मायकेल रॉस या मानसशास्त्रज्ञांचा १९९४चा अभ्यास आहे. विद्यार्थ्यांना विचारलं, प्रबंध किती दिवसांत पुरा होईल? सरासरी उत्तर आलं सुमारे ३४ दिवस. लागले सरासरी ५५हून जास्त. ती सगळी शिकलेली, हुशार मुलं होती. आपलाही अंदाज असाच चुकतो, पण कितीने चुकतो हे माहीत असलं की पार्टीला तारीख सांगताना जीभ अडखळत नाही. माझा २बी जुळवणीचा अंदाज बहुतेक वेळा निम्माच निघतो. म्हणून मी मनात येतो त्याच्या दुप्पट वेळ सांगते, आणि शब्द पाळला जातो.

जुन्या नोंदी असल्या की महिन्यामहिन्याचा फरकही कळतो. जानेवारीत जीएसटीआर-१ची (विक्रीचं रिटर्न) ११ तारीख आणि ३बीची (कर भरायचं रिटर्न) २० यांच्या मधोमध गड्डा, म्हणजे आपली सोलापूरची सिद्धेश्वराची जत्रा, येते. जत्रेतल्या अक्षता सोहळ्याच्या दिवशी, तो जिथे होतो त्या संमती कट्ट्याकडे निघालेला माणूस सुताचं बिल शोधत बसणार नाही, आणि बसूही नये. त्या महिन्यात माझे "बिलं मागणे"चे तास दरवर्षी फुगतात, म्हणून आता मी डिसेंबरातच मागून ठेवते. मे महिन्यात दुपारी दोननंतर माझ्या जुळवणीत चुका वाढतात, हेही नोंदींनीच दाखवलं. पारा ४२च्या वर असताना मी दुपारी फक्त फाइली लावते.

आईला दवाखान्यात नेलंस, भाचीचा अभ्यास घेतलास, तिथे मात्र टायमर लावू नकोस. तू पाठवलेल्या स्क्रीनशॉटमध्ये "आई – ४० मि." दिसलं, ते मला बघवलं नाही. ते काढून टाक.

या महिन्याच्या १ ते २० तारखेच्या नोंदी जशाच्या तशा ठेव, विसरलेल्यांसकट. नंतरच्या रविवारी घेऊन ये. आपण तुझ्या टॉवेलवाल्यांचा आकडा फोडून बघू, मग फीचं काय म्हणायचं ते ठरवू. जेवायलाच ये, कडक भाकरी आणि शेंगाची चटणी करून ठेवते.

तुझी,
मॅडम