मोठ्या बिल्डिंगमध्ये नळ उघडल्या उघडल्या गरम पाणी कसं काय येतं?

कारण पाइपातलं गरम पाणी तिथे थांबतच नाही, सारखं फिरत असतं. साध्या लायनीत काय होतं, नळ बंद केला की पाइपात अडकलेलं पाणी गार होतं आणि पुढच्या वेळी ते सगळं गटारात सोडल्याशिवाय गरम पाणी येत नाही, म्हणजे चांगलं पाणी फुकट. पाणी असं फिरवत ठेवण्याच्या पद्धतीत, म्हणजे रिसर्क्युलेशनमध्ये, शेवटच्या नळाजवळून एक बारीक रिटर्न लाइन परत हीटरकडे आणलेली असते आणि त्यावर एक छोटा पंप असतो. या पंपाला पाणी वर चढवायचं नसतं, पाइपाचा फेरा (लूप) हीटरपासून निघून परत हीटरलाच जुळत असल्यामुळे फक्त पाइपातलं घर्षण भागवायचं असतं, म्हणून तो अगदी लहान पुरतो. पाणी उलटं जाऊ नये म्हणून चेक व्हॉल्व्ह लागतोच.

खरी गोची बॅलन्सिंगची, म्हणजे सगळीकडे पाणी सारखं वाटून फिरवण्याची. पाणी सोपा रस्ता धरतं, त्यामुळे पंपाजवळच्या रायझरमधून (मजल्यांवर जाणाऱ्या उभ्या पाइपातून) धो धो फिरतं आणि लांबचे लोक गार पाण्यात आंघोळ करतात, मग कोणीतरी मोठा पंप बसवतो, तो उपाय नाहीच, प्रत्येक रायझरच्या रिटर्नला प्रवाह कमीजास्त करणारा बॅलन्सिंग व्हॉल्व्ह हवा.

पाइपांना इन्सुलेशन नसेल तर चोवीस तास उष्णता वाया जाते. आणि वीज वाचवायला तापमान फार उतरवू नका प्लीज, कोमट पाण्यात लिजिओनेला बॅक्टेरिया वाढतो, त्याने जीवघेणा न्यूमोनिया होऊ शकतो. टाकीत साधारण ६० अंश आणि रिटर्नला ५० च्या वर ठेवतात, भाजू नये म्हणून नळाजवळ गार पाणी मिसळणारा मिक्सिंग व्हॉल्व्ह लावतात.