इयन होम रंगभूमीपासून दूर का गेले?

प्रश्न : 'चॅरियट्स ऑफ फायर' या चित्रपटात प्रशिक्षक मुसाबिनी साकारणारे इयन होम मूळचे नाटकवाले होते, असे वाचले. मग मधली कित्येक वर्षे ते रंगमंचावर का दिसले नाहीत?

उत्तर : आपण वाचले ते खरे आहे. १९३१ साली एसेक्समध्ये जन्मलेल्या होम यांची जडणघडण स्ट्रॅटफर्डला शेक्सपिअरची नाटके करताना झाली, आणि हॅरल्ड पिंटर यांच्या 'द होमकमिंग' या नाटकातील लेनीच्या भूमिकेसाठी १९६७ साली त्यांना टोनी हा अमेरिकी रंगभूमीचा पुरस्कारही मिळाला. १९७६ साली मात्र यूजीन ओनील यांचे एक नाटक करताना त्यांना रंगमंचाची अशी धास्ती बसली की, ते त्यातून बाहेर पडले आणि पुढे मुख्यतः कॅमेऱ्यासमोरच रमले. चित्रपटांचे त्यात भलेच झाले, असे आम्हांला वाटते. स्टेडियमबाहेरच्या खोलीत एकटे असलेले मुसाबिनी राष्ट्रगीत ऐकतात, ध्वज वर चढताना पाहतात, त्यावरून आपला धावपटू जिंकल्याचे ओळखतात आणि हातातल्या स्ट्रॉ हॅटमध्ये मूठ घालून ती फोडतात. एवढ्याशा कृतीत त्या माणसाची सारी उमेद दिसते. या भूमिकेने त्यांना ऑस्करचे नामांकन मिळवून दिले.

१९९३ साली पिंटर यांच्याच 'मूनलाइट'ने त्यांना रंगमंचावर परत आणले. १९९७ साली नॅशनल थिएटरमध्ये त्यांनी किंग लिअर उभा केला आणि त्यासाठी ऑलिव्हिए हा ब्रिटिश रंगभूमीचा पुरस्कार मिळवला. तरुण वाचक त्यांना 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मधला बिल्बो म्हणून ओळखतात. गंमत अशी की, १९८१ साली बीबीसी रेडिओवर याच कथेतल्या फ्रोडोला आवाज त्यांनीच दिला होता.