ओटीटीवर पाच टक्के: ठराव मांडण्याआधी

प्रिय नगरसेविकाबाई,

(ही हाक वाचून तुझी आई हसेल. तूही हस, पण सवय करून घे.)

तुझ्या ठरावाचा मसुदा वाचला. ‘महापालिका हद्दीतील रहिवाशांनी घेतलेल्या ओटीटी सेवांच्या वर्गणीवर पाच टक्के करमणूक कर आकारण्यात यावा.’ भाषा नेटकी आहे, अनुमोदकही मिळालाय. माझं सगळं आयुष्य लेखा विभागात गेलं. उत्पन्न वाढवायचं बोलणारा सभासद दिसला की मला बरं वाटतं, कारण बहुतेकांना फक्त खर्चाची शीर्षं पाठ असतात. तरीही हा ठराव या रूपात मांडू नकोस, असं मी म्हणेन.

तू शिकागोचा दाखला जोडला आहेस. दाखला खरा आहे, पण तू अर्धाच दिला आहेस.

शिकागोत करमणुकीवरचा कर जुना. 2015 च्या जूनमध्ये तिथल्या वित्त विभागाने एक आदेश काढला की पैसे भरून घरबसल्या जे पाहिलं, ऐकलं किंवा खेळलं जातं तीही करमणूकच, तेव्हा 1 जुलैपासून त्यावरही 9 टक्के. चित्रपट कायमचा विकत घेतला तर कर नाही. भाड्याने किंवा वर्गणीवर पाहिला तर आहे. यासाठी नगरसभेत मतदान झालं नाही. जुन्या अध्यादेशातल्या शब्दांचा अर्थ अधिकाऱ्यांनी लावला आणि काम झालं. वर्गणीदार त्याच वर्षी कोर्टात गेले. त्यांचं म्हणणं ऐकण्यासारखं होतं. एक म्हणजे, सभागृहाने न लावलेला कर अधिकारी लावतोच कसा? दुसरं, ज्याचं बिल शिकागोच्या पत्त्यावर येतं तो माणूस दुसऱ्या राज्यात हॉटेलात बसून मालिका पाहत असेल, तर ती करमणूक शिकागोत घडली असं कसं म्हणायचं? तिसरा मुद्दा मला फार आवडतो. हॉटेलातल्या ज्यूकबॉक्सवर (पैसे टाकून गाणी वाजवायच्या यंत्रावर) वर्षाला प्रत्येक यंत्रामागे ठरावीक रक्कम, आणि तीच गाणी मोबाइलवर ऐकली तर 9 टक्के. हा भेदभाव नाही का? 2018 मध्ये अ‍ॅपलनेही वेगळा दावा लावला. वर्गणीदार मात्र 2018 मध्ये खालच्या कोर्टात हरले आणि 2019 मध्ये अपिलातही हरले. कर टिकला.

तो टिकला यामागे शिकागो ज्यात आहे त्या इलिनॉय राज्याची 1970 ची राज्यघटना आहे. 25 हजारांवर वस्तीच्या शहरांना तिने स्वतःचे कर लावण्याची मोठी मोकळीक दिली आहे. राज्याने अमुक करू नका असं सांगितलेलं नसेल, तर शहर ते करू शकतं. आपल्याकडे नेमकं उलटं. इथे राज्याने परवानगी दिल्याशिवाय महापालिका बोटसुद्धा हलवू शकत नाही. मसुद्यातला ‘शिकागोच्या धर्तीवर’ हा शब्दप्रयोग खोडून टाक. ज्या विरोधकाला कायदा कळतो, तो याच दोन शब्दांवर तुला धरेल.

शिकागोची पुढची गोष्ट तुझ्या मसुद्यात नाहीच, आणि मला तीच महत्त्वाची वाटते. 2024 च्या शेवटी तिथल्या महापौरांनी तूट भरून काढायला मालमत्ता करात 30 कोटी डॉलरची वाढ सुचवली. नगरसभेने ती 50 विरुद्ध 0 मतांनी फेटाळली. महापौरांच्या बाजूचं एकही मत नाही! मग आकडे जुळवण्यासाठी जी चाळवाचाळव झाली, तिच्यात ओटीटीवरचा कर 9 वरून 10.25 टक्क्यांवर गेला. घरपट्टीला हात लावायची कुणाची तयारी नव्हती, म्हणून दहा-पंधरा डॉलरच्या बिलात काही सेंट घातले. त्यावर मोर्चा येत नाही.

आता खरं सांग, तुझ्याही ठरावामागे हेच आहे ना? प्रभागात घरपट्टीचा विषय काढला की मतं जातात. मुंबईत 500 चौरस फुटांपर्यंतच्या घरांचा मालमत्ता कर 2022 पासून माफ आहे, आणि तेव्हापासून प्रत्येक शहरातल्या प्रत्येक उमेदवाराला ‘आमच्याकडे कधी?’ हा प्रश्न ऐकावा लागतो. अशा हवेत ‘परदेशी कंपन्यांवर कर’ हे वाक्य टाळ्या घेतं. फक्त तो कर कंपनी भरणार नाही. ती बिलात एक ओळ वाढवेल आणि तुझाच मतदार भरेल.

कायद्याचं थोडक्यात सांगतो, कारण तुझ्या वकील मित्राने टिपणात बरंचसं बरोबर लिहिलं आहे. 2016 च्या 101 व्या घटनादुरुस्तीने राज्यांचा करमणूक कर जीएसटीत गेला, पण राज्यसूचीतली (घटनेतल्या राज्यांच्या विषयांच्या यादीतली) 62 वी नोंद पुसली गेली नाही. पंचायत किंवा नगरपालिका स्वतः लावेल आणि स्वतः वसूल करेल तेवढ्यापुरता करमणूक कर शिल्लक ठेवला. म्हणजे दार आहे. तमिळनाडूने 2017 मध्ये त्याच दाराने जाऊन स्थानिक संस्थांचा करमणूक कर आणला, आणि जीएसटी सुरू झाल्याच्या आठवड्यातच तिथली चित्रपटगृहं बंद पडली, कारण दोन्ही कर एकदम तिकिटावर आले. केरळातही स्थानिक संस्था सिनेमाच्या तिकिटांवर असा कर घेतात. सर्वोच्च न्यायालयाचा 22 मे 2025 चा निकालही तुझ्या बाजूचा आहे. घरबसल्या डीटीएच पाहण्यात सेवा आणि करमणूक असे दोन पैलू आहेत आणि दोन सरकारं दोन पैलूंवर कर लावू शकतात, असं तो सांगतो. मात्र तो वाद जीएसटीपूर्व काळातला होता आणि कर राज्याचा होता, हे टिपणात स्पष्ट लिही.

या दारातून महापालिकेला एकटीने जाता येत नाही. आपल्या 1949 च्या महापालिका अधिनियमात कलम 127 मध्ये कुत्र्यांवरच्या करापासून थिएटर टॅक्सपर्यंत यादी आहे. (कुत्र्यांवरचा कर कुठल्या नगरसेवकाला आठवतो ते एकदा सभागृहात विचारून बघ.) यादीत नसलेला कर लावायचा तर नियम करून शासनाची मंजुरी आणावी लागते. मंत्रालयात अशी फाइल किती वर्षं झोपते, ते मी तुला सांगायला नको.

कायदा जमला असं धरू. तरी मोजायचं कसं, हा प्रश्न उरतोच, आणि माझा खरा आक्षेप इथे आहे.

केबलचे दिवस तुला आठवणार नाहीत. तेव्हा करमणूक शुल्क जिल्हाधिकारी कार्यालयाची करमणूक शाखा वसूल करायची. मुंबईत एका जोडणीमागे महिन्याला 45 रुपये होते. केबलवाला जोडण्या किती दाखवणार? खऱ्याच्या निम्म्या दाखवल्या तर प्रामाणिक म्हणायचं. माझा एक मित्र त्या शाखेत निरीक्षक होता. तो इमारतीच्या गच्चीवर जायचा, पाण्याच्या टाकीमागे लावलेला स्प्लिटर शोधायचा आणि त्यातून निघालेल्या काळ्या वायरी एकेक करून मोजायचा. कुठली वायर कुठल्या खिडकीत शिरते ते खाली उतरून पाहायचा. नोंदवहीत त्या इमारतीच्या तीन जोडण्या आणि गच्चीवरून निघालेल्या अकरा वायरी, असं हमखास. केबलवाला तिथेच उभा राहून सांगायचा, ‘साहेब, त्या आठ बंद आहेत.’ खालच्या मजल्यावरून मालिकेचं शीर्षकगीत ऐकू येत असायचं. 2012-13 मध्ये सेट टॉप बॉक्स आले तेव्हा कुठे ही लपवाछपवी आटोक्यात आली, कारण प्रत्येक डब्याला क्रमांक होता.

ओटीटीला गच्ची नाही, वायर नाही, डबा नाही. मोजणी सर्वस्वी कंपनीच्या हिशेबावर. आणि कंपनीच्या हिशेबात तुझं शहर नाहीच! ग्राहक नोंदणीकृत नसेल तरी ऑनलाइन सेवेच्या बिलावर त्याच्या राज्याचं नाव लिहिणं जीएसटीत बंधनकारक आहे. डिसेंबर 2024 च्या परिपत्रकाने ते ओटीटीसह सगळ्यांना पुन्हा बजावलं. नियमाला लागतं ते राज्य; गाव कोणी विचारत नाही. आता लातूरच्या सिमवर रिचार्ज करणारा मुलगा पुण्यात वसतिगृहात राहतो. त्याची वर्गणी कुणाची? पिनकोड मागू म्हणशील, तर पिनकोड टपाल खात्याने आपल्या सोयीने आखले आहेत, महापालिकेच्या हद्दीला विचारून नाही. हद्दीचंही काय सांगावं? फुरसुंगी आणि उरुळी देवाची ही गावं 2017 मध्ये पुणे महापालिकेत आली आणि काही वर्षांत स्वतंत्र नगरपरिषदेसाठी बाहेरही पडली. प्रत्येक बदलाबरोबर कंपनीने संगणक बदलायचा का? त्यात बऱ्याच वर्गण्या मोबाइलच्या रिचार्जमध्ये नाहीतर ब्रॉडबँडच्या पॅकमध्ये ‘फुकट’ येतात. फुकटाचे पाच टक्के किती, ते मुख्य लेखापालाला विचार.

यावर तुझा एक मुद्दा राहतो आणि तो मी मान्य करतो. गावातलं एक पडद्याचं थिएटर घरपट्टी भरतं, पाणीपट्टी भरतं, अग्निशमनचा दाखला घेतं, त्याचा मालक तुला रस्त्यात भेटतो. ओटीटी त्याच प्रेक्षकाचे पैसे नेतं आणि शहराच्या तिजोरीत थेट काहीच टाकत नाही. हे खटकायलाच हवं. अमेरिकेतल्या बऱ्याच शहरांना हे वेगळ्या बाजूने खटकलं. तिथे केबल कंपनी शहराच्या रस्त्यांखालून वायर नेते म्हणून एकूण उत्पन्नाच्या जास्तीत जास्त 5 टक्के शुल्क शहराला देते. 1984 च्या संघीय कायद्याने ती मर्यादा घातली. लोकांनी केबल तोडली तसं हे उत्पन्न आटलं, आणि शहरं नेटफ्लिक्स-हुलूच्या मागे लागली. ओहायो राज्यातल्या मेपल हाइट्स शहराने दावा केला आणि 2022 मध्ये त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो नाकारला. रस्त्यात वायर टाकतो तो इंटरनेटवाला. त्यावरून चित्र पाठवणाऱ्याने रस्ता वापरला असं होत नाही. मला हा निकाल पटतो. आपल्यालाही फायबरवाल्याकडून रस्ता खोदाईचे पैसे घेता येतात, आणि ते नीट घेतले जातात का, हा तुझ्यासाठी सभागृहातला उत्तम प्रश्न आहे. खड्डा मोजता येतो, तो हद्दीत असतो आणि त्याचा फोटो निघतो.

मग ओटीटीचं काय? त्यावर कर आधीच आहे. कर धरून 199 रुपयांचा महिन्याचा प्लॅन घे. त्यात मूळ किंमत 168 रुपये 64 पैसे आणि 18 टक्के जीएसटी 30 रुपये 36 पैसे. निम्मे केंद्राचे, निम्मे म्हणजे 15 रुपये 18 पैसे राज्याचे. तुझे पाच टक्के वरून लावले तर 8 रुपये 43 पैसे होतात. राज्याच्या वाट्यात शहराचा हिस्सा मागितलास तर ग्राहकाचं बिल पैशानेही वाढत नाही, कंपनीला नवा हिशेब नको आणि तुला गच्चीवर कुणाला पाठवायला नको. जकात गेली, तिच्या जागी आलेला एलबीटी (स्थानिक संस्था कर) गेला, 2017 मध्ये मुंबईची जकातही गेली. त्या बदल्यात भरपाईचा कायदा झाला, दरवर्षी आठ टक्के वाढीचं सूत्र ठरलं. पण ते सूत्र जुन्या उत्पन्नावर बांधलेलं आहे. शहरातल्या लोकांच्या खर्चातून जी नवी करमणूक उभी राहिली, तिचा त्यात पत्ता नाही. भांडायचं तर इथे भांड.

कर्नाटकाने 2024 मध्ये केलेला कायदाही मागवून वाच. सिनेमाची तिकिटं आणि वर्गण्यांवर एक ते दोन टक्के उपकर, आणि पैसे सिने व सांस्कृतिक क्षेत्रातल्या कामगारांच्या कल्याणासाठी. तिथे तो राज्याने लावला, शहरावर सोडला नाही, यात शहाणपण आहे. वर्गण्यांवरच्या वसुलीत त्यांना काय अडचणी येतात ते बघायला हवं. पैसा कुठे जाणार हे आधी लिहून ठेवलं, ही गोष्ट मात्र आपण उचलण्यासारखी. महापालिकेच्या नाट्यगृहातली स्वच्छतागृहं तू पाहिली आहेसच.

तेव्हा ठरावाचा मजकूर असा फिरव: ओटीटी व तत्सम सेवांवरील राज्य जीएसटीतून महापालिकांना लोकसंख्येच्या प्रमाणात हिस्सा मिळावा आणि तो नाट्यगृहं, वाचनालयं व क्रीडांगणांच्या देखभालीसाठी राखून ठेवावा, अशी ही सभा शासनास शिफारस करते. सोबत फायबर खोदाईच्या पाच वर्षांच्या वसुलीचा तक्ता लेखी प्रश्न टाकून मागव. कराचे दर ठरवायची कायद्यातली मुदत 20 फेब्रुवारी आहे, पण शिफारशीला ती लागू नाही, त्यामुळे घाई करू नकोस. इतर महापालिकांतल्या तुझ्या वयाच्या सभासदांना फोन कर. एका शहराच्या शिफारशीला मंत्रालयात कोणी विचारत नाही, दहा शहरांची आली तर निदान टिप्पणी तरी तयार होते.

घरपट्टीच्या थकबाकीची प्रभागनिहाय यादी कर संकलन विभागात मिळते. मागितल्यावर आधी ‘अद्ययावत करतोय’ म्हणतील, लेखी माग. त्यात पहिली वीस नावं कुणाची आहेत ते पाहा आणि मग रविवारी नवा मसुदा घेऊन ये.

तुझा,
काका